चादरी

बावीस खोल्या, चव्वेचाळीस चादरी.
पंचे मी नाही मोजत, पंचे सुकेशनी मोजते.
सकाळी जिप्स्या गेटात शिरल्या
की आमची पाळी सुरू.

पाहुणे वाघ पाहायला गेलेले असतात,
आम्ही त्यांची झोप गोळा करतो.
कोणाच्या चादरीत केस, कोणाच्यात बिस्किटाचा चुरा.
एकदा एक कापसाचा वाघ सापडला,
एका डोळ्याचा.
काउंटरवर जमा केला.
कुठल्या शहरात कोणाचं पोर रडलं असेल, कोण जाणे.

जिथं मशीन बसवली तिथं आमची बोडी होती.
नव्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही.
पोहायच्या टाक्याच्या त्या टोकाला
सासरे धानाचे पऱ्हे टाकायचे.
विकली तेव्हा पैसे चांगले आले, खोटं कशाला बोलू?
न्हाणीघर झालं,
ज्योत्स्नाचं नर्सिंगचं दोन वर्षं झालं,
दिराच्या वाट्याची जिप्सी झाली,
आणि बाकीचे कसे गेले
ते घरात कोणालाच नीट आठवत नाही.

मोहाचं झाड तेवढं ठेवलं त्यांनी.
बुंध्याला पिवळे दिवे गुंडाळले.
चैतात फुलं टाइलवर पडतात,
माळी पाइपानं धुऊन काढतो.
एक दिवस ओंजळभर उचलली
तर म्हणाला, "मावशी, वर कॅमेरा आहे ना जी."

त्यांची बोअर चारशे फूट,
गावाची हापशी दीडशे.
होळी झाली की हापशी खोकते नुसती,
आणि मी इथं तोटी पूर्ण सोडून
अनोळखी घामाला साबण लावत असते.
संध्याकाळी टँकरच्या रांगेत उभी राहते
तेव्हा हात पाण्यानं सुरकुतलेले,
गुंड कोरडा.

शनिवारी रात्री पुरुषोत्तमची पार्टी रेला नाचते.
आमच्यात लग्नाला नाचतात, पहाटेपर्यंत,
कोणी थांबा म्हणत नाही.
इथं जेवणाआधी पंचवीस मिनिटं.
डोक्याला मोरपिसं, तीही हॉटेलची.
नाचून झालं की मोजून परत द्यायची.

वाघिणीला नाव आहे, पाहुण्यांना ते पाठ आहे,
तिच्या आईचं, तिच्या आजीचंसुद्धा.
मागच्या मे महिन्यात तेंदूपानं तोडताना
तिनं भागरथा कोकोडेला नेलं,
तेव्हा जेवणाच्या टेबलावर विचारत होते,
"कुठली वाघीण?"
बाई कुठली, ते कोणी नाही विचारलं.
त्या आठवड्यात एकही खोली रिकामी नव्हती.
चव्वेचाळीस चादरी. मी मोजल्या.

मग दिवाळीनंतरची गोष्ट.
रात्री वाऱ्यानं दोरीवरची एक चादर
कुंपणापलीकडच्या बांधीत नेऊन टाकली.
सकाळी पाहते तर चिखलाकाठी पसरलेली,
आणि मधोमध पंजा.
चार बोटं, खाली गादी,
सरपंचाच्या शिक्क्यासारखा ठसठशीत.
मी अनवाणीच धावले.
उचलता उचलता कडेला माझी टाच उमटली,
भेगांसकट.

मॅनेजर ओरडत आले, "धुवू नका! धुवू नका!"
अकरा वर्षांत मला असं
पहिल्यांदाच कोणी म्हटलं.

चंद्रपूरहून फ्रेम करून आणली.
रिसेप्शनच्या भिंतीवर लावली,
वर दिवा, खाली वाघिणीचं नाव.
ज्यांना वाघ दिसत नाही
ते जाताना तिच्यासोबत फोटो काढतात.
माझ्या वहीत मात्र: चादर एक, कमी.
साडेतीनशे पगारातून.

टाच फ्रेमवाल्यानं कापली.
"त्या बाजूला डाग होता," म्हणाला.
कापलेली पट्टी मॅनेजरनं मलाच दिली,
पुसायला घ्या म्हणून.

सूत चांगलं जाड आहे.
मी तिची चुंबळ केली.
गुंडाखाली बरोबर बसते.