उलटं गलबत

हर्णैच्या पुळणीवर लिलाव ऐन भरात.
सुरमईची बोली शंभरा-शंभरानं चढतेय,
आणि मी, निवृत्त पोस्टमास्तर,
बर्फाच्या पेटीवर बसून चांगुणा पावशेला सांगतोय:
अमेरिकेचं तिकीट, अठराशे एकोणसत्तरचं,
चौकट सुलटी, आतलं चित्र उलटं छापलेलं.
गलबताच्या डोलकाठ्या खाली, समुद्र वर.
तेव्हा पंधरा सेंट. आता लाखांत बोली,
फक्त दाते शाबूत हवेत, शिक्का फिका,
मागचा डिंक कुणी चाटलेला नको.

दीडशे वर्सांचा?
ताजा नसंल मग, ती हसते.

टोपलीवर गोणपाट ओढता ओढता म्हणते,
आमचीबी एक उलटली होती,
सुवर्णदुर्गाच्या मागं, फयानात.
पंचनाम्यात धा हजार लावले तिचे.
कागुद रजिस्टरनं आला.
अंगठा तुमीच घेतलात.