शेऱ्याचा रकाना

टोरब्योर्गच्या पडद्यावर अकरा ठिपके,
फ्योर्डच्या काळ्या पाण्यात
सामनच्या जाळ्यांवरचं शेवाळ खरवडणारे.
नजर यंत्रणा ठेवते.
अडलं तरच हिला हाक.

पावणेतीनला :
"सहा थांबलाय. बिघाड नाही. पुढे रेटू?"

चीज कापायचं सोडून ती कॅमेरा उघडते.
जाळ्याबाहेर सीलचं पिल्लू,
रोबोच्या दिव्याला नाक लावून.

"थांब."
"किती वेळ?"
रकान्यात फक्त आकडे मावतात.
ती पाच टाकते, खोडते,
मग शेऱ्यात लिहिते : त्याचं होईपर्यंत.
सहाच्या वाटचं शेवाळ
बाकीचे दहा वाटून घेतात, कुरकुर न करता.

गुरुवारी पुन्हा हाक.
"आठला मीच थांबवलंय.
त्याचं झालं का?"

कॅमेऱ्यात नुसतं पाणी.
टोरब्योर्ग, उत्तर देण्याआधी,
पुन्हा एकदा नीट बघते.