सुगतले, हुहहोतच्या वाटेवर

सुगत, तुहा फोन आला तवा मी कॅम्पच्या गेटावर होती,
लाखोरीच्या दाळीचं पोतं सोडून.
तू म्हणला, काकी, कंपनी हुहहोतले पाठवते,
खाणीतल्या मशीनचं ट्रेनिंग, दीड महिना.
तेथी खाऊ काय?

मले काय ठाऊक.
मी गोंदियाच्या पलीकडं एकदाच गेली,
तेही डोळ्याच्या ऑपरेशनले.

म्हणून पासांगबाईले विचारलं.
तिचा बाप तिकडचा, मंगोल.
उंटांसंग ल्हासाले आला आन परत गेलाच नाही.
मग पोरीले पाठीवर बांधून डोंगर उतरला.
आता पन्नास वर्षं झाली, गोठणगावात
तिचे मोमो आपल्या झिंग्यांच्या चटणीत बुडतात.

ती बोलली ते असं :
काचेच्या दाराच्या हॉटेलात जाऊ नोको.
जेथी पहाटे ट्रकवाले बसतात
आन वाफेनं पाटी दिसत नाही, तेथी शिरजो.
(पाटी तशीही तुले वाचता येणार नाही.)
शाओमाई मांगजो. तोंड उघडं राहते त्याचं,
कपाशीच्या बोंडावानी, आत मेंढीचं मटण, कांद्याची पात.
एक माप म्हणशील तर आठ येतात.
भुकेच्या भरात तीन मापं मांगशील तर फसशील.
ओटाच्या पिठाच्या सुरळ्या टोपलीत उभ्या लावतात,
आग्यामोहोळाच्या पोळ्यावानी दिसते म्हणे. भिऊ नोको.
चहा खारा राहते.
त्यात भाजलेले राळे टाकतात, आपण मुरमुरे टाकतो तसे.
पहिल्या घोटाले तोंड वाकडं करशील,
तिसऱ्या घोटाले कप पुढं करशील.

मी म्हटलं, बाई, तू कवा गेली होती तिकडं?
हासली.
कवाच नाही.
सगळं बापाच्या तोंडचं. तोही घरातलं पीठ संपलं
की मंगच सांगे.

आता तिचं एक काम आहे तुह्याकडं.
चहाच्या मिठाचा अंदाज तिनं
बापाच्या चेहऱ्यावरून शिकला,
तो गेला त्याले तीस वर्षं झाली.
तवापासून पाणी इटियाडोहचं, दूध रेखलालच्या म्हशीचं,
मीठ आमच्याच दुकानातलं.
तिले समजून नाही राह्यलं
का ती बापाचा चहा करते, का गोठणगावचा.

तर पहिला घोट फोन लावून पिजो.
ती कानाले लावून बसन. मीही बसन तिच्यापाशी,
दाळ काही उठून पळत नाही.
खोटं सांगू नोको, पण लवकर सांगजो.

जवसाची चटणी देतो संग.
झाकण दोऱ्यानं बांधजो.