एकोणचाळीस नंबरची नळी

मी गाडी चालवायचो, एवढंच.
तोकात शहरातून निघायचं, केल्किट नदी उजव्या हाताला ठेवून
रस्ता असेल तिथवर. पुढे मुज्गानबाई पायी.
असे बावीस उन्हाळे.

पांढरी विजार, पायमोजे विजारीवरून ओढलेले,
अशा त्या कुरणाच्या मधोमध बसून राहायच्या.
मला वाटायचं, गोचीड म्हणजे चिकटून बसणारी आळशी जात.
"ही तशी नाही," बाई म्हणाल्या.
"हिला डोळे आहेत. काही हललं की धावत सुटते."
आणि खरंच, वाळक्या शेणाआडून
पट्टेरी पायांच्या आल्या, आधी तीन, मग सात,
लग्नाला उशीर झालेल्या पाहुण्यांसारख्या.
बाई चिमट्याने उचलून बाटलीत टाकायच्या,
वर तारीख, कुरण कुणाचं तेही.
कुरणवाल्याचं नाव कधी चुकलं नाही.
माझ्या मुलीचं मात्र दरवेळी.

पहिल्या उन्हाळ्यात आजाराला नाव नव्हतं.
माणसं ताप घेऊन यायची, डोळे लाल,
चौथ्या-पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त,
सुई टोचली तिथे बशीएवढा काळानिळा डाग.
गाई धडधाकट.
जिच्या कानातली गोचीड बायका नखाने उपटून
दगडावर चिरडायच्या, ती गाय
रवंथ करत उभी.

काराचायर गावचा झेकेरिया, सोळा वर्षांचा गुराखी,
त्याच उन्हाळ्यात गेला, बाईंच्या डोळ्यांदेखत.
त्याचं थोडं रक्त त्यांनी गोठवून ठेवलं.
नळीवर आकडा: एकोणचाळीस.

मग अंकाराहून लोक आले, यंत्रं आली,
आजाराला नाव मिळालं.
एका परिचारिकेला सुई लागली, ती वाचली.
दुसरी नाही.
त्यानंतर महिनाभर बाई मागच्या सीटवर बसायच्या.

अकराव्या वर्षी एका रात्री वीज गेली.
मासळीवाल्याकडून बर्फ आणून आणून माझी गाडी ओली झाली.
सकाळी तळच्या कप्प्यातल्या जुन्या नळ्या बाहेर निघाल्या.
बाईंनी त्या तपासल्या.
चौथ्या दिवशी म्हणाल्या, "काराचायरला जायचंय."

झेकेरियाची आई, दुर्दाने, अंगणात
द्राक्षाची पानं खारवत बसली होती.
"क्रायमियन-काँगो ताप," बाईंनी सांगितलं.
"ही कुठली गावं?"
"एक काळ्या समुद्रापलीकडचं. एक आफ्रिकेतलं."
"माझा पोरगा निक्सारच्या बाजारापलीकडे गेला नाही."
तिने एका पानाचं देठ खुडलं. दुसऱ्याचं खुडलं.
"म्हणजे नजर नव्हती?"
"नाही."
"कुणाचीच?"
"गोचीड होती, दुर्दाने. गाईच्या कानातली."

कुंपणापलीकडे तिच्या जावेचं घर होतं.
त्या वर्षीच्या ईदेला गुल्लूने पोराचे खांदे बघितले,
"केवढा झाला!" म्हणाली,
आणि वर माशाल्ला म्हणायला विसरली.
एवढंच. तेव्हापासून नळ एक,
पाण्याच्या वेळा दोन.
एका जावेने पहाटे भरायचं, दुसरीने दिवेलागणीला.

दुर्दाने उठली, मिठाचे हात पदराला पुसत
कुंपणापर्यंत गेली.
तिथे उभी राहिली.
हाक काही मारली नाही.
परत येऊन आम्हाला चहा दिला,
माझ्या पेल्यात साखर घालायची राहिली, मी तसाच प्यालो.

येताना बाईंनी नदीपाशी गाडी थांबवायला लावली.
पुष्कळ वेळ हात धूत होत्या. मी इंजिन बंद केलं.
"यंत्र तिसऱ्या वर्षीच आलं होतं," त्या म्हणाल्या.
"नळी आठ वर्षं तशीच पडून होती.
मेलेल्याला काय घाई, असं वाटलं मला."

मी काय बोलणार? गाडी चालवणारा माणूस.
नदी आता डाव्या हाताला होती.
घाट संपता संपता त्यांनी विचारलं,
"तुझ्या मुलीचं नाव काय म्हणालास?"
मी सांगितलं.
त्यांनी वही काढून लिहून घेतलं.
खाली तारीख.