एक नीलव्वा

वळसंगच्या पुढं आमच्याकडं विहीर परसानं मोजतात.
परस म्हणजे पुरुष, हात वर करून उभा.
सहा परस, सात परस.
कुणाचा पुरुष, केवढा उंच, कुणी विचारलं नाही.

नीलव्वा हत्तुरेनं विचारलं.
नोंदीचं काम तिच्याकडं आलं तेव्हा म्हणाली,
आत उतरणारा पुरुष दाखवा मला.
मग स्वतःच भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
टाचेपासून डोक्यावरच्या पदरापर्यंत
सुंभाला पहिली गाठ मारली.
तेव्हापासून गावात पाण्याचं माप: एक नीलव्वा.

दर अवसेला अकरा विहिरी.
दोरीच्या टोकाला मोडक्या अडकित्त्याचं एक पातं, वजनाला.
पाण्यात गेलं की आवाज वेगळा, गाळात बसलं की वेगळा.
वर ओढून ओल्या गाठी मोजते,
शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिते.
पोरं पाढ्यांच्या पाठोपाठ तेही म्हणतात:
बिराजदारांची दोन, इरण्णाची साडेतीन,
तळ्याखालची पाच वर एक वीत.

पहिल्या कार्तिकात तिनं दोरी ओसरीवर आडवी टाकली.
इरण्णाला ऊस लावायचा होता, बेणं आणून ठेवलेलं.
म्हणाली, ऊस महिन्याला एक गाठ पितो.
चाल दोरीवरनं, चैत्रापर्यंत जाऊन दाखव.
इरण्णा चालला.
माघातच दोरी संपली.
हसलं नाही कुणी.
त्यानं चिडून रात्रीतनं बोअरची गाडी आणली,
पाचशे वीस फूट नुसता फुफाटा.
आठवडाभर आमच्या कढीपत्त्यावर पांढरा थर होता.

मातीचं असं केलं:
स्टँडावरच्या हॉटेलातले चहाचे दोन काचेचे ग्लास.
एकात सरपंचांच्या रानातलं ढेकूळ,
एकात तिच्या. तिथं चार वर्षं
तिनं धसकटं जाळू दिली नव्हती,
तुरीचा पाला जागच्या जागी कुजवला होता,
आणि मायाप्पाची मेंढरं बसवली होती
रात्रीला अर्धी पायली ज्वारी देऊन.
पाणी ओतलं.
सरपंचांचं ढेकूळ चहातल्या खारीगत
बोलता बोलता बसलं.
तिचं तसंच राहिलं, नुसते बुडबुडे सोडत.
सरपंचांनी चष्मा पुसला,
म्हणाले, ग्लास बदलून बघा.
बदलून बघितले.

सगळं सरळ झालं असं नाही.
माळावरचे चर पहिल्यांदा तिरके गेले,
आखणी तिचीच होती.
हस्ताच्या एका रात्रीत बांध फुटला
आणि पांडू वाघमोडेची दीड एकर करडई गेली.
सकाळी ती त्याच्या दारात जाऊन बसली.
तो जेवत होता. बोलला नाही,
भाकरीतली अर्धी पुढं सरकवली.
मग दोघांनी नळीत पाणी भरून
सगळा माळ परत आखला, काठीकाठीनं.

यंदा उत्तरा कोरडी गेली. हस्तात दोनच सरी.
भेगा पडायच्या आत गाव कोळप्यामागं.
कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे बोलणं जुनंच,
फक्त उरलेल्या अर्ध्याचा हिशेब
आता भिंतीवर होता.

चैत्रातली अवस.
अकरातल्या चार कोरड्या.
पातं खडकावर वाजलं, टण्ण.
तिनं शून्य लिहिलं, चांगलं ठळक.
सात विहिरींना पाणी.
शेजारच्या गावाचा टँकर तळ्याखालच्या विहिरीवर भरतो,
दिवसाआड एक, सभेनं ठरवलेला.
इरण्णाच्या विहिरीत बरोबर एक गाठ ओली निघाली.
एक नीलव्वा! तोच ओरडला,
आणि मग उगाच कडेचं गवत उपटत बसला.

संध्याकाळी ती दोरी वलणीवर टाकते,
ओली गाठ खाली.
थेंब पडतो तिथं डब्यात मिरचीचं रोप आहे.
मुद्दाम ठेवलंस का, विचारलं.
नाही बाई, म्हणाली,
रोप आधीपासनं तिथंच होतं.