दर किलोमागे

वॉर्सातल्या त्या इमारतीत हीटर फार तापतात,
खिडकी उघडायची तर अर्ज करावा लागतो.
आम्ही नऊ जण, चारशे बारा पानांची फाइल
आणि एक पांढरं मीठ,
जे हॅमला गुलाबी ठेवतं,
मेल्यावरही लाजल्यासारखं.

डॉ. गाव्लिक आकडे वाचतात.
उंदरांना नावं नसतात, गट असतात:
शून्य मात्रा, कमी, मध्यम, जास्त.
क्रमांक सत्तेचाळीस नव्वदाव्या आठवड्यात
‘अन्य कारणाने’ मेला.
मी त्या ‘अन्य’पाशी जरा रेंगाळते.
पान उलटतं.

मग भागाकार.
जिथं काहीच बिघडलं नाही ती मात्रा घ्यायची,
दहानं भागायची, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे;
पुन्हा दहानं, कारण एक माणूस म्हणजे दुसरा माणूस नव्हे.
आमच्या शास्त्रात याहून नम्र वाक्य मला ठाऊक नाही.

कारखानदारांचे वकील म्हणतात, आहे ते असू द्या.
पालक संघटनेच्या बाई म्हणतात, शून्य करा.
त्यांच्या हातात शाळेच्या डब्याचा फोटो आहे,
हात थरथरतोय, आणि त्या खोटं बोलत नाहीयेत.
मी समासात शून्य काढून बघते.
गोल. बरणीच्या तोंडाएवढं.

त्या हिवाळ्यात दुकानांत फक्त व्हिनेगर होतं.
त्सेझारी मामानं खेड्यातून डुकराचं मांस आणलं
कोटाच्या अस्तरात लपवून,
मामीनं बरण्या भरल्या: मीठ, मिरी, तमालपत्र.
रसायन कसलं, घरचं आहे, म्हणाली.
नाताळच्या तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला,
मला दोन बोझेना दिसतायत.
आम्ही हसलो. व्होडकाच्या माथी मारलं.
संध्याकाळी त्याच्या पापण्या उचलेनात,
मग घोट उतरेना,
मग श्वास.
बरणीला वाससुद्धा नव्हता.
झाकण तेवढं किंचित फुगलेलं.
मी सात वर्षांची होते,
दोन बोझेनांपैकी एक.

हे इतिवृत्तात येत नाही.
‘हितसंबंध असल्यास जाहीर करावेत’ असा रकाना होता,
मी त्यात ‘नाहीत’ लिहिलं
आणि पेन बराच वेळ टोपणाविना राहिलं.

एकशे वीसवरून ऐंशी. मिलिग्रॅम, दर किलोमागे.
कोण अनुकूल?
माझा हात वर जातो, पण कोपरात वाकलेला,
गाव्लिक विचारतात, हे मत धरायचं का?
धरा, म्हणते मी.

मामी अजून आहे, लुब्लिनला, एकोणनव्वदीची.
ट्रॉलीबसनं बाजारात जाते.
लेबलं वाचत नाही, अक्षरं बारीक असतात.
प्रत्येक बरणीचं झाकण
अंगठ्यानं दाबून बघते.
टक् वाजलं
की परत ठेवते,
न वाजलं
तरी परत ठेवते.