नात्याचा रकाना

माझं टेबल जुन्या जकातघरासमोर, वर फाटकी छत्री.
बाकीच्यांनी केव्हाच कॉम्प्युटर घेतले,
मी अजून मशीनवर. अर्ध्या 'त'ची कळ अडकते,
बोटाने मागे ओढावी लागते.

उज्ज्वला रणपिसे, पालिकेच्या इस्पितळात सिस्टर,
आणि हर्षदा तांडेल, शाळेत खो-खो शिकवायच्या.
पहिल्यांदा आल्या तेव्हा चुनाभट्टीच्या खोलीचा भाडेकरार होता.
मग दर एकदोन वर्षांनी काहीतरी:
हिचं मृत्युपत्र, तिचं मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र,
शुद्ध हरपली तर सही कुणी करायची त्याचं एक,
सोसायटीचं नामनिर्देशन,
आणि भावांनी मागाहून कुलूप तोडू नये म्हणून एक,
ज्याला कायद्यात नाव नाही, मसुदा मीच रचला.
एकदा रणपिसेबाई हसून म्हणाल्या,
"घाडीकाका, सप्तपदी झाली का हो पुरी?"
मी मोजले. आठ झाले होते.

माझं लग्न शहाऐंशी साली, देवगडच्या बाजूला.
भटजी उशिरा आले, जेवणाला भात कमी पडला,
नोंद करायची असते हे कुणाला ठाऊक?
एक कागद नाही माझ्याकडे.
फोटो होते, ते वाळवीने खाल्ले.
तरी रेशनकार्डावर कुंदा आपसूक आली.
तरी गेल्या श्रावणात तिला रात्री भरती केलं तेव्हा
"तुम्ही कोण?"
"नवरा."
सिस्टरने पडदा सारला, हातात पेन दिलं.
एकोणचाळीस वर्षांत त्या तीन अक्षरांचा
कुणी पुरावा मागितला नाही.

तांडेलबाई दिवाळीनंतर पडल्या, बाथरूममध्ये.
रणपिसेबाई फाइल घेऊन पोचल्या, आठही कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.
पोरगेला डॉक्टर, त्याला वाचायला सवड नव्हती.
"रक्ताचं कुणी आहे का?"
बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या माणसांसाठी पडदा सारणारी बाई
पडद्याबाहेर बाकड्यावर बसली.
पहाटे वसईहून भाऊ आला.
त्याने सही केली, आणि मग
तिलाच विचारलं,
"हिला गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

हे मी पारकरला सांगितलं. स्टॅम्पवाला पारकर,
तंबाखू मळत म्हणाला,
"आज हे, उद्या म्हणतील झाडाशी लावा."
म्हटलं, कार्तिकात तुझ्या गॅलरीत काय करतोस रे?
कुंडीला साडी नेसवतोस,
उसाला मामा करतोस,
मंगलाष्टकं बेसूर म्हणतोस ती अख्ख्या चाळीला ऐकू येतात.
आणि ही तर दोन माणसं.
पारकर थुंकला. म्हणाला, "ते देवाचं आहे."
थोड्या वेळाने म्हणाला, "बाई बऱ्या आहेत का आता?"

बऱ्या आहेत. काठी घेऊन आल्या परवा.
नवव्या कागदासाठी.
'मी शपथेवर सांगते की सदर व्यक्ती माझी'
इथे मी नेहमी मैत्रीण घालतो.
सोसायटीसाठी एकदा मानलेली बहीण घातलं होतं,
तेव्हा दोघी माझ्याकडे न बघता
रस्त्यापलीकडच्या घोड्याच्या पुतळ्याकडे बघत राहिल्या.
परवा बोटं थांबली नाहीत.
प, मग अर्धा त,
जो कधी सरळ उठत नाही,
तो उठला, मग नी.
तिघंही काही बोललो नाही.

नोटरीने चष्म्यावरून पाहिलं. "घाडी, वय झालं तुमचं."
कागद परत आला.
सफेदा लावला, फुंकर मारली,
वर मैत्रीण ठोकलं.
शब्द लांब, जागा अपुरी,
शेवटचा ण रकान्याबाहेर गेला.

कार्बनखालच्या प्रतीला सफेदा लागत नाही.
तिथे दोन्ही शब्द एकावर एक बसलेत, गर्द निळे,
वाचायचं तर उन्हात धरावं लागतं.
रणपिसेबाईंनी धरलं. काठी तांडेलबाईंकडून आपल्या हातात घेतली,
कागद त्यांना दिला.
"काका, मूळ राहू द्या नोटरीकडे," त्या म्हणाल्या,
"आम्हाला ही प्रत द्या."